इंग्रजी बोलणारा सोनू आणि अबोल झालेले घर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे कुटुंब सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात राहते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मुलाला येथे सोनू म्हटले आहे. वडील एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहतात. आई मराठी माध्यमातून बी.ए. झालेली असून पूर्ण वेळ घर सांभाळते. वडिलांची आई, म्हणजे सोनूची आजी, त्यांच्याबरोबरच राहते आणि सोनूचे दिवसातले बरेच तास तिच्याजवळ जातात. मी या प्रकरणात वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, म्हणजे गावात सगळे म्हणतात त्याप्रमाणे ‘स्पीचच्या मॅडम’, म्हणून सोनू पाच वर्षांचा असताना सामील झाले.

दोन वर्षांचा असताना सोनूला एकही मराठी शब्द येत नव्हता, पण इंग्रजी मुळाक्षरे सरळ आणि उलट म्हणता येत होती. एक ते शंभर आकडे, रंगांची नावे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची चिन्हे तो ओळखत असे आणि मोबाइलवरील व्हिडिओंतली वाक्ये त्यातल्या परदेशी हेलासकट जशीच्या तशी म्हणत असे. घरात याचे कौतुक होते. पाहुणे आले की त्याला उभे करून आकडे म्हणायला लावत. नावाने हाक मारल्यावर तो वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, पाणी हवे असेल तर मोठ्या माणसाचा हात धरून माठाकडे ओढत नेतो, हे आजीने सर्वांत आधी बोलून दाखवले. त्यावर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ हे उत्तर घरातून आणि दवाखान्यातून, दोन्हीकडून मिळाले. तिसऱ्या वर्षी श्रवणचाचणी झाली, ती सामान्य आली. तीन वर्षे सात महिन्यांचा असताना पुण्यात बालविकासतज्ज्ञांनी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान केले. भारतात त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इसा’ या मापनपट्टीत ४० बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात. सोनूचे गुण ११८ आले. १०७ ते १५३ ही मध्यम तीव्रतेची श्रेणी मानली जाते.

‘स्वमग्नता’ हा शब्द आजीला कधीच पटला नाही. “हे मग्न कुठं हाय? दिसभर माझा पदर वढतंय,” असे ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली. प्रमाणपत्रावर हाच शब्द असतो आणि तो आता बदलणे कठीण आहे, परंतु मूल स्वतःत रमलेले असून त्याला माणसे नकोच असतात असा जो अर्थ त्यातून ध्वनित होतो, तो या मुलाच्या बाबतीत तरी साफ चुकीचा होता.

अडचण

निदानानंतर ज्या केंद्रात उपचार सुरू झाले, तेथे पालकांना सांगण्यात आले की मुलाला दोन भाषांचा गोंधळ झेपणार नाही, त्याला इंग्रजी येतेच आहे, शाळाही इंग्रजी माध्यमाची असणार, तेव्हा घरी एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा. हा सल्ला आजही अनेक पालकांना मिळतो. तो वाईट हेतूने दिला जात नाही. केंद्रातील चित्रकार्डे, तक्ते, ॲप्स आणि प्रशिक्षकांचे स्वतःचे शिक्षण बहुधा इंग्रजीत असते, आणि समोरचे मूल खरोखरच इंग्रजी शब्द उच्चारत असते. मात्र एकभाषिक आणि द्विभाषिक घरांतील स्वमग्न मुलांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांत दोन भाषा कानावर पडल्यामुळे भाषाविकास आणखी मागे पडतो असे आढळलेले नाही.

सोळा महिने हा सल्ला प्रामाणिकपणे पाळला गेला. आईने वहीत इंग्रजी वाक्ये लिहून पाठ केली. आजीला इंग्रजी येत नसल्याने तिला सोनूशी ‘शक्यतो कमी’ बोलायला सांगण्यात आले, आणि ती खरोखरच गप्प झाली. या काळात सोनूला येणाऱ्या इंग्रजी नावांची यादी वाढत गेली. तो साठ-सत्तर चित्रे ओळखून त्यांची नावे सांगत असे. मात्र तहान लागली की तो अजूनही हात धरून ओढत होता. साडेचार वर्षांचा झाल्याच्या सुमारास इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील बालवर्गातून घरी आल्यावर तो भिंतीवर डोके आपटू लागला आणि स्वतःच्या मनगटाला चावू लागला. पाच वर्षे पूर्ण होता होता शाळेने ‘स्वतःच्या खर्चाने सावली शिक्षक (वर्गात मुलाच्या सोबत बसून त्याला मदत करणारा शिक्षक) आणा, नाहीतर पुढच्या वर्षी पाठवू नका’ असे तोंडी कळवले. या टप्प्यावर कुटुंब माझ्याकडे आले.

मी त्यांच्याकडून घरातील संध्याकाळचे वीस मिनिटांचे चित्रीकरण मागवले आणि त्यातले प्रत्येक वाक्य लिहून काढले. आईची ७४ वाक्ये होती. त्यांतली ५१ ‘व्हॉट इज धिस?’ अशा प्रकारचे प्रश्न किंवा ‘सिट’, ‘कम’, ‘ईट’, ‘नो’ अशा आज्ञा होत्या. जे घडते आहे त्याविषयीचे, एका माणसाने दुसऱ्याला सहज सांगावे तसे वाक्य एकही नव्हते. याचा दोष आईकडे जात नाही. ज्या भाषेत आपल्याला रागावता, लाडावता, कुरकुरता येत नाही, त्या भाषेत माणसाकडे प्रश्न आणि आज्ञा एवढेच उरते. वडील पूर्ण वीस मिनिटे त्याच खोलीत होते आणि दोन वाक्ये बोलले, ती दोन्ही आईशी. या दुसऱ्या नोंदीकडे मी तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पुण्यात खोली घेऊन आई आणि मुलाने तेथे राहण्याचा आणि उपचारांचे तास वाढवण्याचा होता. आमच्या भागातील बरीच कुटुंबे असे करतात. खोलीभाडे आणि उपचार मिळून वडिलांच्या पगाराचा निम्म्याहून अधिक भाग गेला असता. शिवाय आजी आणि वडील दोघेही मुलाच्या रोजच्या जगण्यातून बाहेर पडले असते.

दुसरा पर्याय घरात पूर्णपणे मराठीवर येण्याचा होता. आईला तो हवा होता, पण ती स्पष्ट बोलत नव्हती. वडिलांचा त्याला विरोध होता आणि तो विरोध हट्टाचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे होते की मुलाला जे काही येते ते इंग्रजीत येते, वाचायची ओढ आहे तीही इंग्रजी अक्षरांची आहे, मग हातचे सोडून पळत्याच्या मागे का लागायचे? तिसरा पर्याय तूर्त भाषेचा प्रश्न बाजूला ठेवून चित्रकार्डांनी मागणे आणि नाकारणे शिकवण्याचा होता. चित्रे वापरल्याने बोलणे खुंटते ही भीती पालकांना नेहमी वाटते, परंतु तिला आधार नाही. असे साधन हाती आल्यावर काही मुले उलट अधिक बोलू लागतात.

चर्चेअंती आम्ही दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र केला. घरात मराठी ठेवायची, चित्रकार्डे आणायची आणि इंग्रजी शाळेपुरती ठेवायची, असे ठरले. पुण्याला राहायला जाणे सहा महिने पुढे ढकलले. वडिलांनी होकार दिला, पण “सहा महिन्यांनी मी हिशेब मागणार,” असेही सांगितले.

काय केले, आणि पहिली चूक

पहिला निर्णय चुकला आणि तो माझा होता. मी मराठीच्या बाजूने इतकी कलले होते की व्हिडिओ, आकडे, इंग्रजी वाक्ये हे सगळेच बंद करायला सांगितले. सोनू जी इंग्रजी वाक्ये दिवसभर म्हणत असे, त्यांना मी निरर्थक पुनरुच्चार समजत होते. दहाव्या दिवशी आईचा फोन आला. डोके आपटणे दुप्पट झाले होते आणि दोन रात्री तो झोपला नव्हता. ती म्हणाली, “मॅडम, त्याचं इंग्रजी काढून घेतलं तर त्याच्याकडे उरतं काय हो?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सल्ला मागे घेतला आणि आईला एका वहीत दोन रकाने करायला सांगितले. एकात सोनू काय म्हणाला ते लिहायचे आणि दुसऱ्यात त्याच्या आधी नेमके काय घडले ते. तीन आठवड्यांत त्या वहीने मला बरेच शिकवले. आगगाडीच्या कुठल्याशा व्हिडिओतले ‘द ट्रेन इज स्टक’ हे वाक्य तो दप्तराची चेन अडकली की म्हणत असे, कपाटाचा खण उघडत नसला की म्हणत असे, रस्त्यात गाडी थांबली की म्हणत असे. म्हणजे ते वाक्य निरर्थक नव्हते. त्याचा अर्थ ‘अडकलंय’ असा होता. आम्ही कोणी ते ऐकत नव्हतो.

त्याच वहीत एक नोंद अशी होती की हेच वाक्य तो संध्याकाळी पोट दाबून धरत म्हणतो आणि त्यानंतर डोके आपटतो. तीन-तीन दिवस त्याला शौचाला होत नसे, हे आईला माहीत होते. मात्र डोके आपटण्याशी त्याचा संबंध असेल असे कोणाला सुचले नव्हते, आणि मीही आहार व पोट यांविषयी कधी विचारले नव्हते. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठता बरीच आढळते. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले, औषध आणि खाण्यातले बदल सुरू झाले, आणि महिनाभरात संध्याकाळचे डोके आपटणे निम्म्याच्या खाली आले. कित्येक महिने ‘वर्तनसमस्या’ म्हणून ज्याच्यावर तक्ते भरले जात होते, त्यातला मोठा भाग पोटदुखीचा होता.

यानंतर इंग्रजी वाक्य आले की ते नाकारायचे नाही, त्याचा अर्थ धरायचा आणि मराठी शब्द शेजारी ठेवायचा, अशी पद्धत ठरली. सोनू ‘ट्रेन इज स्टक’ म्हणाला की आई म्हणायची, “अडकलं! चेन अडकली.” परत म्हणायला लावायचे नाही. अडीच महिन्यांनी एका सकाळी बरणीचे झाकण निघेना तेव्हा तो स्वतःहून “अडकलं” म्हणाला.

आजीला आम्ही काहीच शिकवले नाही. तिला पुन्हा बोलायची मोकळीक दिली, एवढेच. शेंगा सोलताना, आंघोळीचे पाणी काढताना, भाकरी थापताना ती तेच शब्द त्याच क्रमाने रोज म्हणत असे, संथपणे, आणि मध्येच थांबत असे. “आता पानी… गरम पानी… आता काय?” हे थांबणेच आम्ही पालकांना प्रयत्नपूर्वक शिकवतो, मनात दहा आकडे मोजायला सांगतो. तिला ते वयामुळे आणि गुडघ्यांमुळे आपोआप जमत होते.

चित्रकार्डांवर कोणते शब्द लिहायचे यावरून घरात लहानसा वाद झाला. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही चालते आणि ते आम्ही वापरून पाहिले, पण फोन हातात आला की सोनू सरळ व्हिडिओंकडे जात असे, म्हणून कागदी कार्डांवर आलो. आईला कार्डावर ‘मला हवे आहे’ असे शुद्ध लिहायचे होते. घरात मात्र असे कोणी बोलत नाही. आजी ‘पायजे’ म्हणते, वडीलही घरात ‘पायजे’च म्हणतात. मुलाने चोवीस तास जे ऐकले तेच कार्डावर असावे, असे मी सुचवले. कार्डावर ‘पायजे’ आणि ‘नगं’ लिहिले गेले. शाळेत ते बदलून घेता येईल असे ठरवले. ते अजून बदललेले नाही, आणि त्यावाचून काही अडलेलेही नाही.

सोनूचा कुणी न विचारता आलेला आणखी एक ठळक मराठी शब्द ‘नगं’ हा होता. आजी भात भरवत होती. आनंद ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला, कारण आठवडाभरात तो आंघोळ, कपडे, शाळा या सगळ्यालाच ‘नगं’ म्हणू लागला. हा शब्द मानायचा की नाही? बोलूनही काही होत नाही असे मुलाच्या लक्षात आले, तर ते पुन्हा भिंतीकडे वळते. याउलट प्रत्येक नकार मानला तर घर चालत नाही. औषध, रस्ता आणि गॅस या तीन बाबतींत ‘नगं’ चालणार नाही असे ठरले. इतर वेळी पहिला नकार ऐकायचा, पाच मिनिटे थांबायचे आणि मग पुन्हा विचारायचे. या निर्णयाबद्दल मला आजही समाधान वाटते. आईच्या भावांना मात्र हे लाड वाटले आणि ते त्यांनी दिवाळीत सर्वांसमोर बोलून दाखवले.

‘मी येते’

सहा महिन्यांच्या हिशेबाच्या सुमारास सोनू दोन-तीन शब्दांची वाक्ये जोडू लागला होता आणि त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. तो ‘मी येते’, ‘मी खाते’, ‘मी बसते’ असे म्हणत होता. गल्लीतल्या मुलांनी हसायला सुरुवात केली. वडील अस्वस्थ होऊन मला भेटायला आले. एरवी ते गाडीतच बसून राहत.

मराठीत वर्तमानकाळात ‘मी’ म्हणतानाच क्रियापदातून बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे कळते. इंग्रजीत ही अडचण येतच नाही. ऐकलेले वाक्य अखंड उचलून वापरणाऱ्या मुलाला ‘मी’चे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकू येईल, त्याचेच रूप मिळते. सोनूला ते आई आणि आजीकडून मिळाले होते. ‘मी येतो’ हे रूप त्याने ऐकले असते तर उचलले असते. मी ते सुरुवातीचे चित्रीकरण पुन्हा काढले आणि वडिलांना दाखवले. वीस मिनिटांतली त्यांची दोन वाक्ये त्यांनी स्वतः मोजली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला त्याच्याशी काय बोलायचं तेच कळत नाही.”

येथे दोन वाटा होत्या. सोनूचे वाक्य प्रत्येक वेळी दुरुस्त करता आले असते, किंवा वडिलांना बोलते करता आले असते. पहिली वाट सोपी होती, पण दुरुस्त्यांनी त्याचे बोलणेच कमी झाले असते. आम्ही दुसरी घेतली. ‘मुलाशी बोला’ या सूचनेने काही होत नाही, म्हणून वडिलांना बोलण्याऐवजी काम दिले. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे दोघांनी मिळून मोटारसायकल पुसायची. “मी पुसतो. तू पुसतोस. मी चाक फिरवतो.” एवढीच वाक्ये. दर शनिवारी वडील त्याला एसटी स्थानकावर नेऊ लागले. अक्षरांची ओढ असलेल्या मुलाला गाड्यांच्या पाट्या म्हणजे मेजवानी होती. मोठी देवनागरी अक्षरे, तीच तीच गावे आणि ठरलेल्या वेळा. सोनू देवनागरी वाचायला ‘सातारा’, ‘कराड’, ‘कोरेगाव’, ‘स्वारगेट’ या पाट्यांवरून शिकला. आम्ही त्याला ‘अननसाचा अ’ शिकवण्याचा बेत आखत होतो, तोवर तो ‘विनाथांबा’ वाचत होता.

शाळेचा प्रश्न मी थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता येते आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारीही त्या कायद्यात सांगितलेली आहे. तरीही पालकांनी जुन्या शाळेशी भांडण्यात शक्ती घालवली नाही. सोनूला गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत घातले. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक अधूनमधून येतात, आणि वर्गशिक्षिकांनी त्याची जागा खिडकीपासून दूर, दाराजवळ केली आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढले. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विमा योजनेविषयी निदानानंतर दोन वर्षे या पालकांना कोणीही सांगितले नव्हते, तीही नोंदणी त्याच वेळी झाली.

निष्पत्ती

सोनू आता सात वर्षे तीन महिन्यांचा आहे. तो गप्पा मारत नाही. ‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नाला उत्तर देत नाही. मागणे, नाकारणे, अडकलंय, दुखतंय, चल, थांब हे तो सांगतो, बहुतेक मराठीत आणि घाई झाली की इंग्रजीत. डोके आपटणे रोजचे राहिलेले नाही. महिन्यातून दोन-तीनदा होते, विशेषतः लग्नसराईतल्या डीजेच्या दिवसांत. जेवणात अजून चारच पदार्थ चालतात. पुण्याला जाण्याचा विषय सध्या तरी मागे पडला आहे.

आईच्या बाबतीत एक बदल नोंदवायला हवा. ‘तू मोबाइल दिलास म्हणून झालं’ हे तिने सासर-माहेरच्या इतक्या तोंडून ऐकले होते की ती ते स्वतःच म्हणू लागली होती. स्वमग्नता जन्मापासूनच्या मेंदूच्या जडणघडणीतून येते, मोबाइलमुळे होत नाही. मोबाइलने मुलाचा माणसांबरोबरचा वेळ खाल्ला असेल, पण निदान त्यामुळे झालेले नाही. हे मी तिला एकटीला अनेकदा सांगितले आणि उपयोग झाला नाही. पुढे ते सगळे घर समोर बसवून एकदा सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर फरक दिसला.

वेगळे काय करता आले असते

निदानाच्या वेळी, उपचारांच्या सुरुवातीला आणि माझ्याही पहिल्या भेटीत, घरात कोण कोणाशी कोणत्या भाषेत आणि दिवसातून किती बोलते, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारला असता तर आजीचे सोळा महिने वाया गेले नसते. मी पोटाविषयी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. वर्तनाचा तक्ता भरण्याआधी दात, कान, पोट आणि झोप पाहायची, हा क्रम मी आता कधीही बदलत नाही. इंग्रजी एकदम बंद करण्याचा माझा सल्ला हा आधीच्या केंद्राच्या सल्ल्याचाच आरसा होता. दोन्हींत मुलाच्या तोंडून प्रत्यक्ष काय येते आहे याकडे दुर्लक्ष होते.

वडिलांची दोन वाक्ये मला पहिल्या आठवड्यातच दिसली होती. त्यांच्याशी तेव्हाच बोलायला हवे होते. मी त्यांना ‘विरोध करणारे पालक’ या खान्यात टाकले आणि सहा महिने आई-आजींबरोबरच काम करत राहिले. मुलाच्या व्याकरणाने ती चूक उघडी पाडली नसती तर कदाचित आणखी वर्ष गेले असते.

एका गोष्टीचा निर्णय अजून झालेला नाही. सोनू आता वडिलांबरोबर ‘मी येतो’ म्हणतो, पण आजीच्या खोलीत गेला की ‘मी येते’ म्हणतो. ती तिथे तसे बोलते, म्हणून तोही तिथे तसेच बोलतो. वडिलांना वाटते की दुसरीत जाण्याआधी हे सुधारावे. आजी म्हणते, “माझ्यापाशी येतंय न्हवं, मग येते म्हणू दे नाहीतर येतो.” पुढची बैठक जूनमध्ये आहे.